वहिनींना विचारा

बसा. ती खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवून घ्या. मघाशी तुम्ही म्हणालात ना, की मोबाइलवर सगळं दिसायला लागलं की धंद्यात लबाडी उरत नाही, कोण कामाचा आणि कोण बिनकामाचा ते आपोआप उघडं पडतं? मग तुम्हाला एका मुकादमाची गोष्ट सांगतो. त्याने लबाडी केली, आणि तीसुद्धा चांगल्या मनाने. वाईट मनाने केली असती तर एव्हाना सुटला असता हो. वाईट मनाने केलेलं माणूस विसरून जातो. हे त्याला विसरता येत नाही.

मुकादम लिफ्टच्या कंपनीत. लिफ्ट बनवणारी नव्हे, बिघडलेल्या दुरुस्त करणारी. गल्लीच्या टोकाला खाली गोदाम, वर ऑफिस. गोदामात तारांची भेंडोळी, जुन्या मोटरी, ग्रीसचा वास. गंमत म्हणजे वर जायला जिना. लिफ्टवाल्यांच्या घरी लिफ्ट नाही. जिना चढून गेलं की लाकडी पार्टिशनच्या आड एक टेबल, टेबलावर दोन फोन, आणि फोनमागे वहिनी.

वहिनी म्हणजे मुकादमाची सख्खी भावजय. भाऊ गेला तेव्हा ह्यानेच मालकांच्या कानावर घालून तिला फोनवर बसवलं. कुठल्यातरी इमारतीतून फोन यायचा, लिफ्ट मधेच अडकली, आत माणूस आहे. वहिनी एका कानाला तो फोन धरायच्या, दुसऱ्या कानाला मेकॅनिकचा, आणि वॉचमनला सांगायच्या, "त्यांना म्हणावं खाली बसा, दार बडवू नका, आमचा माणूस निघालाय." माणूस बऱ्याचदा निघालेला नसायचा, कुठेतरी चहा पीत असायचा. पण वॉचमन फोन लिफ्टच्या दाराशी धरायचा, आणि वहिनींच्या आवाजात असं काही होतं की आत अडकलेला बडवायचा थांबायचा. मेकॅनिक तिला वहिनी म्हणत, ते ऐकून वॉचमन म्हणायला लागले, शेवटी म्हातारे मालकही म्हणायला लागले.

ह्या म्हाताऱ्या मालकांची धंदा चालवायची एक रीत होती. दिवसातून कधीतरी धापा टाकत जिना चढायचे, दारात उभे राहायचे आणि नुसतं बघायचे. कुणाची मान खाली आहे, कुणाच्या टेबलापाशी चार माणसं ताटकळत उभी आहेत. ज्याच्यापाशी माणसं ताटकळलीत तो कामाचा. जो पंख्याखाली वारा खातोय तो बिनकामाचा. बास, एवढंच शास्त्र. मुकादम ह्या शास्त्रात लहानाचा मोठा झाला. मालक आल्याची चाहूल लागली की रिकाम्या माणसाच्या हातात पाना कसा द्यायचा, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नसे.

मग मालकांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांची लेक आली. सगळे तिला छोट्या मॅडम म्हणत. बाई गोड नव्हती, पण खोटीही नव्हती. तिने सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एक ऍप टाकून दिलं. आता इमारतीतल्या माणसाने आपल्या फोनवर बटण दाबलं की तक्रार थेट जवळच्या मेकॅनिकच्या खिशात वाजायची. कोण कुठे आहे, कोण मोकळा आहे, सगळं ऍपलाच कळायचं. मेकॅनिकांना आपसात काही बोलायचं असेल तर तेही त्यातच.

वहिनींचे दोन्ही फोन गप्प झाले. पहिले काही दिवस त्यांनी फोन पुसले. मग टेबल पुसलं. मग मुकादमाने एकदा बघितलं, त्या रिसीव्हर उचलून कानाला लावत होत्या आणि परत ठेवत होत्या.

"काय झालं वहिनी?"

"काही नाही भावजी. मेला का जिवंत आहे ते बघत होते."

 त्यात महिना संपताना एक दिवस छोट्या मॅडम सहज म्हणाल्या, "दोनतीन महिने जाऊ देत मुकादम. कोण कुणाशी बोलतं, कोण कुणाला काय विचारतं, ते सगळं ऍपमध्ये साठतंय. मग बसून बघू, कुणाला कुठे बसवायचं ते."

मुकादमाला एवढंच ऐकू आलं की मालक जिना चढतायत आणि वहिनी पंख्याखाली बसल्यात. त्याच दिवशी त्याने मेकॅनिकांना चहाच्या टपरीमागे गोळा केलं.

"आजपासून काही अडलं तर वहिनींना विचारायचं. ऍपवर."

"आणि नाही अडलं तर?" ढोल्या म्हणाला. हा ढोल्या अंगाने काडी, म्हणून ढोल्या.

"नाही अडलं तरी विचारायचं."

"काय विचारायचं?"

"तुझ्या लग्नात काय विचारलं होतंस ते विचार! डोकं आहे का खांद्यावर? काहीही विचारा. पण विचारा. वहिनींच्या नावापुढे काम दिसलं पाहिजे."

पोरांना काय, खेळच मिळाला. आणि प्रेम होतं हो तिच्यावर, खोटं कशाला बोलू. प्रत्येकाच्या अडीअडचणीला ती उभी राहिलेली. दुसऱ्या दिवसापासून वहिनींचा मोबाइल जो टिणटिणायला लागला तो थांबेचना. वहिनी, ह्या इमारतीच्या गच्चीची किल्ली कुणाकडे? वहिनी, ह्या मोटरीला कुठलं ग्रीस? वहिनी, आधी कुठे जाऊ, डावीकडे का उजवीकडे? ढोल्याने तर एकदा विचारलं, वहिनी, आभाळ भरलंय, छत्री नेऊ का? पूर्वी निघून मोकळे व्हायचे, आता जिन्यात उभे राहून उत्तराची वाट बघायचे. का? तर मुकादमाने बजावलं होतं, उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही, नाहीतर खोटं दिसेल.

आणि वहिनी? वहिनी बहरल्या. दुसरा शब्द नाही. नवा चष्मा करून घेतला, बारीक अक्षरं दिसावीत म्हणून. प्रत्येक सवालाला नीट उत्तर. ठाऊक नसलं तर चार ठिकाणी फोन करून विचारायच्या आणि मग कळवायच्या. ग्रीसच्या डब्यांवरची लेबलं गोदामात उभं राहून वाचायच्या. छत्रीच्या सवालालाही उत्तर दिलं, "ने, आणि आतल्या कंट्रोलच्या पेटीवर पाणी पडू देऊ नकोस."

मुकादम आणि वहिनी एकाच मजल्यावर राहायचे, दार समोर दार. रात्रीचं जेवण एकत्र. जेवताना वहिनींचं एकच, "भावजी, ही पोरं काही लक्षात ठेवत नाहीत हो हल्ली. त्या मोबाइलने डोकी रिकामी केली बघा. मी नसते तर काय केलं असतं?"

मुकादम ताटात बघायचा. त्याची बायको नंतर भांडी घासता घासता म्हणायची, "जाऊबाईंचा चेहरा बघितलात? थोरले भावजी गेल्यापासून असा चेहरा मी पाहिला नव्हता." तिला आतली गोष्ट ठाऊक होती. "पण अहो, हे किती दिवस चालवणार?"

"मॅडम बघेपर्यंत. एकदा त्यांनी बघितलं की वहिनींची खुर्ची पक्की."

मॅडमनी बघितलं.

सगळ्यांना वर बोलावलं. पार्टिशन बाजूला सरकवलं होतं, भिंतीवर प्रोजेक्टरने चित्र पाडलं होतं. वहिनी पहिल्या खुर्चीत, नवा चष्मा लावून. चित्रात नुसते ठिपके आणि रेघा. एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस, रेघ म्हणजे कोण कुणाला विचारतं. कडेने छोटे छोटे ठिपके, आणि मधोमध टोमॅटोएवढा एक लाल ठिपका. सगळ्या रेघा त्याच्यात घुसलेल्या. मुकादम मनात म्हणाला, जिंकलो.

मॅडमनी त्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही गाठ आहे."

कुणाला काही कळेना.

"मला आधी वाटायचं, लोक कमी आहेत म्हणून कामाला उशीर होतो. तसं नाहीये. मेकॅनिक इमारतीत पोचतो, आणि उभा राहतो. कशासाठी? इथून उत्तर यायचंय. किल्ली, ग्रीस, रस्ता, सगळं एका माणसाकडून जातं. ऍप आणलं ते माणसांनी एकमेकांशी सरळ बोलावं म्हणून. आणि पहिल्या महिन्यापेक्षा आता जास्त उशीर होतोय. कोण किती राबतं ते मी बघत नाही. काम कुठे अडतं ते बघते. ते इथे अडतं."

बघा हं, मुकादमाचं शास्त्र कसं पालथं पडलं. म्हाताऱ्यांच्या राज्यात ज्याच्यापाशी चार माणसं ताटकळली तो राजा. लेकीच्या राज्यात ज्याच्यापाशी ताटकळली तो अडथळा. चित्र तेच, वाचायची रीत बदलली. आणि ह्या शहाण्याने जुन्या रीतीने रंगवून दिलं होतं.

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण त्याची बायको, त्याची पोरं, त्याची स्वतःची खुर्ची, सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्याने खाली बघितलं. ढोल्याने खाली बघितलं. सगळ्या खोलीने आपापल्या चपला बघितल्या.

आणि वहिनी उभ्या राहिल्या. चष्मा काढून हातात घेतला.

"मॅडम, माझ्यामुळे खोळंबा होतोय हे मला कळलंच नाही. मला वाटत होतं मी मदत करतेय." मग पोरांकडे वळल्या. "तुम्ही तरी सांगायचं रे. इतके दिवस उन्हातान्हात माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिलात."

सांगतो तुम्हाला, कुणी भर चौकात थोबाडीत मारली असती तर मुकादमाला बरं वाटलं असतं.

मॅडम म्हणाल्या, "तुमची चूक नाही वहिनी, रचनेची आहे." महिनाअखेरीस काय ते ठरवू म्हणाल्या. पण ठरलेलं त्यांच्या आवाजातच होतं.

त्या दिवशी वहिनी जेवायला आल्या नाहीत. बायको ताट घेऊन समोर गेली, तसंच परत घेऊन आली. ताट आपटलं नाही तिने, हळूच ठेवलं. ते जास्त लागलं.

"काय म्हणाल्या?" मुकादमाने विचारलं.

"म्हणाल्या, मी भावजींसारखं असायला पाहिजे होतं, कुणाला त्रास नाही काही नाही. भावजी म्हणजे तुम्ही." बायकोने ताट झाकलं. "आता तुम्हीच ठरवा काय ते. मला बघवत नाही."

सकाळी मुकादम मॅडमच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं ओकला. टपरी, छत्री, उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही, सगळं. म्हणाला, "शिक्षा मला करा. वहिनींनी कुणाला अडवलं नाही. मी अडवलं."

मॅडम ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या नुसत्या डोळे चोळत बसल्या.

"म्हणजे हे सवाल खोटे?"

"हो मॅडम."

"सगळे?"

मुकादम बोटांवर मोजायला लागला आणि मधेच थांबला.

"तुम्हाला ठाऊक आहे का, पहिल्या महिन्याचं चित्र माझ्याकडे आहे. तुम्ही ही गडबड करायच्या आधीचं. त्यात वहिनींकडे थोड्याच रेघा होत्या. बारीक, पण होत्या. कुणी आत घाबरलंय, कुणी गच्चीची किल्ली देत नाही, कुणी भांडतंय, अशा वेळी मेकॅनिक त्यांना विचारायचे. मी म्हटलं, ऍपला हे जमत नाही, हे त्यांच्याकडे देऊ. माणसांशी बोलायचं काम. तेच बघायला तर मी थांबले होते. आणि नंतर हा पूर आला. त्या चार रेघा कुठे बुडाल्या मला सांगता येईल?"

 म्हणजे वहिनींची खुर्ची पक्की होणारच होती. ह्याने नुसता हात बाजूला ठेवला असता तरी झालं असतं.

"खरे सवाल कुठले आणि खोटे कुठले, निवडून आणा," मॅडम म्हणाल्या. "खरे सापडले तर मी अजून ऐकायला तयार आहे. पण मला आता तुमच्या शब्दावर जाता येणार नाही, मुकादम. हे तुम्हीच करून ठेवलंय."

त्याने पोरांना धरलं. "बोल रे, ह्यातलं खरं काय होतं?"

ढोल्या डोकं खाजवत म्हणाला, "छत्रीचं खोटं. नक्की खोटं. बाकीचं... मुकादम, खरं सांगू का? सुरुवातीला खोटंच विचारायचो. मग सवय लागली. त्या इतकं नीट सांगायच्या की पुढे पुढे मी विचारल्याशिवाय स्क्रू फिरवत नव्हतो. आता ते खरं म्हणू का खोटं?"

एकाचंही धड उत्तर आलं नाही. उरल्या वहिनी. त्यांच्या मोबाइलमध्ये सगळं होतं, आणि कुठल्या सवालाच्या मागे रडणारं पोर होतं, कुठल्याच्या मागे भांडखोर म्हातारा, ते त्यांनाच आठवणार. पण निवडायला सांगायचं म्हणजे आधी सांगायला हवं, की त्यात खोटंही आहे. मुकादम दोन दिवस जिन्यात खालीवर करत राहिला. गप्प राहिलं तर वहिनी जन्मभर समजणार की आपण सगळ्यांच्या वाटेतला धोंडा होतो. सांगितलं तर ते बहरलेले दिवस हिसकावून घ्यायचे. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. हे कुठून आणून देणार?

रविवारी दुपारी त्याने समोरचं दार वाजवलं. वहिनी शिवणाच्या मशीनवर जुनी चादर दुमडून टीप घालत बसल्या होत्या. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. बसला असता तर उठून पळाला असता.

मशीन थांबलं. वहिनींनी मोबाइल घेतला, चष्मा लावला, आणि वरून एकेक सवाल उघडायला लागल्या.

"हे ग्रीसचं?"

"खोटं, वहिनी."

"मी गोदामात जाऊन डबे उलटेपालटे केले होते. हात पोळल्यासारखे झाले होते त्या घाणीने." पुढचा. "हे रस्त्याचं?"

"खोटं."

"आणि हे तुमचं? रोज सकाळी विचारायचात, वहिनी, आज कुणाला लांबच्या कामावर पाठवू? मी रात्री अंथरुणात पडून विचार करायचे. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाला लवकर सोडलं पाहिजे."

 मुकादम माणसं खरंच तशीच पाठवायचा. तिने सांगितलं तसं. पण विचारलं होतं ते खोटं म्हणूनच.

"तुमच्यासाठी केलं वहिनी," तो म्हणाला. "तुमची जागा राहावी म्हणून."

"माझ्यासाठी केलंत ते खरं." त्यांनी मोबाइल मशीनवर पालथा ठेवला. "पण भावजी, एवढे सवाल विचारलेत मला. सगळ्या कंपनीने मिळून विचारलेत. वहिनी, आम्ही असं करू का, हा तेवढा एक विचारला नाहीत."

आवाज चढवला नाही. आत अडकलेल्या माणसाशी बोलायच्या ना, तोच आवाज. मशीन परत सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः मॅडमकडे गेल्या. रात्रीत सगळं निवडून काढलं होतं. खरे वेगळे, खोटे वेगळे, आणि काहींच्या पुढे लिहिलं होतं, ठाऊक नाही. मॅडमनी ते वाचलं आणि तिथल्या तिथे म्हणाल्या, "ह्या खऱ्या सवालांसाठी मला माणूस हवाच आहे. तुम्हीच बसा."

मुकादम पार्टिशनच्या ह्या बाजूला कान लावून उभा.

"नको मॅडम," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही देताय ते मनापासून देताय, दिसतंय मला. पण आता फोन वाजला की आधी वाटणार, हा खरंच अडलाय का माझं मन राखतोय. आणि आत एखादं पोर खरंच रडत असेल, आणि मी एवढा वेळ विचार करत बसले तर? ते काम असं करता येत नाही."

पर्समधून चष्म्याची डबी काढली, चष्मा ठेवला आणि जिना उतरल्या. मेकॅनिक खाली रांगेने उभे. ढोल्या म्हणाला, "वहिनी..." आणि पुढे काय विचारावं ते त्याला सुचेना. सुचलं असतं तरी कुठल्या तोंडाने विचारणार?

मुकादमाची खुर्ची राहिली. मॅडमनी ठेवली, का ते त्यालाही कळलेलं नाही. कंपनी बरी चालते. पोरं एकमेकांना सरळ विचारतात, लिफ्टी वेळेवर सुटतात, भिंतीवरच्या चित्रात आता गाठ नाही. मॅडम चुकीच्या होत्या असं मी म्हणत नाही. मुकादमही म्हणत नाही.

वहिनी हल्ली कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीच्या काउंटरला बसतात. पावती द्यायची, कपडे घ्यायचे. कुणी काही विचारायची फारशी गरज पडत नाही. जेवायला समोर येतात, मुकादमाच्या पोरांना जवळ घेतात, जावेशी हसतात. राग धरलाय म्हणावं तर तसं दिसत नाही. फक्त मुकादमाने काही विचारलं की हात थांबतो. परवा तो म्हणाला, "वहिनी, मीठ आहे का तिकडे?" तर त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "खरंच हवंय का भावजी?" टोमणा नव्हता. टोमणा असता तर तो हसला असता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याच्यापाशी आता एकच सवाल उरलाय. तुम्ही मला माफ केलंत का, एवढाच. इतका खरा सवाल त्याने आयुष्यात केला नसेल. पण तो त्याच्या तोंडून गेला की खोट्यात जमा होणार, हे त्याला पुरतं ठाऊक आहे. बायकोने विचारलं तर वाटणार ह्यानेच पाठवलंय. ढोल्याने विचारलं तर विचारूच नका.

तुमचा शर्ट बघा, कॉलरला डाग पडलाय. नाहीतरी लॉन्ड्रीत द्यावाच लागणार आहे तुम्हाला. मग तिथेच द्या ना. तुम्ही ओळखीचे नाही, कंपनीचे नाही, तुमच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसेल. पावती घेता घेता, गर्दी नसली तर, तेवढं विचारून बघाल का त्यांना?